वारा कोणाला घालायचा?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने मोटारीच्या इंजिनावर बोलू नये, असे आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचे मत आहे. तो सायन्सचा. पण मला विचाराल तर इंजिन हा निव्वळ जमाखर्चाचा विषय आहे. पेट्रोलच्या रूपाने रुपया भरला, की ढोबळ मानाने त्यातला तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा धुराबरोबर जातो आणि उरलेला तिसरा उष्णता म्हणून पाण्याच्या खात्यावर पडतो. हे खाते घडोघडी रिकामे करायचे काम रेडिएटरचे. तिथे थकबाकी साचली की काटा तांबड्या रेघेकडे सरकतो, आणि बोरघाटात बॉनेट उघडून, हातात पाण्याचा डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या गृहस्थांत आणखी एकाची भर पडते.

आता या हिशेबात माणसाची हौस घुसली की काय होते, त्याचा हा इतिहास. हौस दोन प्रकारची. एक, गाडी वाऱ्यासारखी धावली पाहिजे. दुसरी, आत बसणाऱ्याला गार वारा लागला पाहिजे. दोन्ही हौशी वेगवेगळ्या घरी नांदत होत्या तोवर ठीक होते.

गार वाऱ्याची हौस आधी श्रीमंतांच्या घरी आली. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने 1940 सालच्या आपल्या मोटारींत कारखान्यातच वातानुकूलन बसवून द्यायला सुरुवात केली. जादा आकार 274 डॉलर. यंत्राचा बराचसा भाग मागच्या डिकीत, त्यामुळे सामानाची अडचण. त्यातून गंमत अशी, की गारवा नको झाला तर तो बंद करायला बटणच नव्हते! गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढून ठेवायचा. म्हणजे थंडी वाजते म्हणून खाली उतरून घाम गाळायचा. दोनेक वर्षांत कंपनीने हा नाद सोडला.

वेगाची हौस असलेल्यांना असल्या लाडांची पर्वा नव्हती. स्पोर्ट्स कार म्हणजे तालीम. तालमीत कोणी पंखा लावत नाही. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमध्ये वातानुकूलन पहिल्यांदा मिळू लागले ते 1963 साली. त्या वर्षीच्या 21,513 गाड्यांपैकी ते घेतले फक्त 278 गिऱ्हाइकांनी. शेकडा जेमतेम सव्वा! (हा हिशेब मी दोनदा ताडून पाहिला आहे. सवय.)

पण खरी कहाणी जॅग्वारच्या ई-टाइपची. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी अवतरली आणि बघणाऱ्यांचे भान हरपले. चक्कर मारून बघायला इतकी झुंबड उडाली, की कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांना दुसरी गाडी घेऊन कॉव्हेन्ट्रीहून रातोरात जिनिव्हा गाठावे लागले. आकार माल्कम सेयर यांचा. हे गृहस्थ आधी विमानाच्या कारखान्यात होते, त्यामुळे गाडी कशी, तर पंख काढून ठेवलेल्या विमानासारखी. लांबलचक नाक, आणि त्याच्या टोकाला तोंड एवढेसे, शिट्टी वाजवताना आपण करतो तेवढे.

त्या एवढ्याशा तोंडातून 3.8 लिटरच्या इंजिनाने श्वास घ्यायचा. ताशी 150 मैलांचा दावा होता. त्या वेगात वारा आपणहून आत घुसतो. पण न्यूयॉर्कच्या चौकात ताशी शून्य मैल वेगाने उभे राहिल्यावर? तिथे विजेवर चालणारा एकुलता एक पंखा. पाणी तापले की तो आपोआप सुरू व्हायचा, निदान तशी योजना होती. इंग्लंडच्या पावसाळी हवेत हे खपून गेले. पण गाड्यांचे मोठे गिऱ्हाईक निघाले अमेरिका, आणि तिथला फिनिक्सचा जून म्हणजे आपला नागपूरचा मे.

अशा वेळी जाणकार एक उपाय सांगत: हीटर लावा. ऐकायला चेष्टा वाटते, पण शास्त्र चोख आहे. हीटर म्हणजे डॅशबोर्डाच्या आड दडलेला छोटा रेडिएटरच. तो उघडला की इंजिनाची थोडी उष्णता तिकडून निघते. कुठे जाते? मालकाच्या गुडघ्यांवर. पोटाला चिमटा काढून घेतलेली देखणी गाडी. तिचा ताप उतरावा म्हणून भर उन्हात मालक स्वतः शिजतो आहे आणि काट्याकडे बघतो आहे. प्रेम म्हणतात ते याला, दुसरे काय!

मग गिऱ्हाइकाने वातानुकूलन मागितले. यातली मेख समजायची तर आमच्या शाखेत यावे. साहेबांच्या केबिनच्या खिडकीत यंत्र बसले, आत काश्मीर झाले, आणि यंत्राची पाठ आली आमच्या सायकल स्टँडवर. उष्णता नष्ट होतच नाही हो, तिची नुसती बदली होते! मोटारीत ही पाठ, म्हणजे कंडेन्सर, बसवतात रेडिएटरच्या तोंडासमोर. बाहेरचा वारा आधी त्याला भेटणार, तापणार, आणि मग ती उष्टी, गरम हवा रेडिएटरला मिळणार. वर कॉम्प्रेसर फिरवायचा भार इंजिनावरच. जेवण अर्धे आणि काम दीडपट.

जॅग्वारने 1968 साली ई-टाइपची दुसरी आवृत्ती काढली. तोंड मोठे केले, पंखे दोन केले, आणि मागेल त्याला वातानुकूलन देऊ केले. 1971 साली बारा सिलिंडरांचे 5.3 लिटर इंजिन आले, तेव्हा तोंड आणखी वासले आणि त्यावर जाळी बसली. सेयर यांच्या मूळ रेषेवर जीव टाकणारे लोक यावर अजून हळहळतात. मला मात्र त्या वासलेल्या तोंडाबद्दल आपुलकी वाटते. दमलेल्या माणसाने तोंडाने श्वास घेतला तर त्याला कुरूप का म्हणावे?

जर्मन मंडळींनी निराळी वाट धरली. पोर्शे 911 चे इंजिन मागे, आणि त्यात तेव्हा पाणीच नव्हते; थंडावा वाऱ्याचा आणि तेलाचा. कंडेन्सर बसवला तो मागच्या झाकणाच्या जाळीखाली, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या पंख्याच्या वाटेत. थोडक्यात, सायकल स्टँड तोच, फक्त मागच्या दाराने.

या गाड्या आजही हौशी लोक जिवापाड सांभाळतात. रेडिएटर अॅल्युमिनियमचा घालतात, पंखे जोरकस बसवतात, आणि हे सगळे बाहेरून दिसणार नाही याची काळजी घेतात. त्यात आणखी एक भानगड झाली. जुन्या यंत्रांत फ्रिऑन, म्हणजे आर-12 वायू असे. त्याने ओझोनचा थर विरतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो मोडीत निघाला आणि 1995 अखेर अमेरिकेत त्याचे उत्पादन थांबले. पुढे आर-134ए आला. तो जुन्या कंडेन्सरमध्ये भरला तर गारवा तितका पडत नाही; कंडेन्सर मोठा लागतो. मोठा कंडेन्सर म्हणजे रेडिएटरसमोर आणखी जाड पडदा. तेव्हा फ्लोरिडातला ई-टाइपवाला लाल दिवा लागला की अजूनही एक डोळा काट्यावर ठेवतो, एक हात गारव्याच्या बटणावर, आणि दिवा लवकर हिरवा झाला नाही तर मुकाट्याने काच खाली करतो.