अंगणातलं लग्न खरंच स्वस्त होतं का?

या उन्हाळ्यात आपल्या गोंदिया जिल्ह्यात एक बोलणं मी सारखं ऐकतोय. "लॉन नको, लग्न घरीच करू. समोर अंगणात मांडव, मागे बाडीत जेवण, मोजकी माणसं, सगळं जुन्या पद्धतीनं." शहरातले नोकरीवाले बोलतात, आमगाव-तिरोड्याचे बोलतात. पुण्याहून सुट्टीवर आलेली पोरं तर मोबाईलवर फोटोच काढून दाखवतात. झेंडूच्या माळा, पितळेची घंगाळं, केळीचे खांब, मंद पिवळे दिवे. चांगलं आहे. मला आवडतं. पण त्यासोबत एक वाक्य हमखास येतं, "पूर्वी बघा, किती साधं आणि स्वस्त होतं."

या वाक्यावर थोडं लिहायचं आहे. लांब आहे, पण लग्नसराईचा विषय आहे राजेहो, वाचा.

आधी मांडव. झाडीपट्टीत लग्नाचा हंगाम धानावर ठरायचा. धान निघालं, खळं आटोपलं, घरात चार पैसे आणि कोठीत तांदूळ आला की सोयरिकीच्या गोष्टी सुरू. उन्हाळ्यात लग्न. मांडवाला लागणाऱ्या बल्ल्या, बांबू, जांभळाच्या-आंब्याच्या डहाळ्या रानातून यायच्या. हिरव्या पानांचा तो मांडव दिसायला सुंदर होताच, पण मे महिन्याच्या उन्हात तोच आपला कूलर होता. पत्रावळी पळसाच्या पानांच्या, बारीक काडीनं टाचलेल्या. पाणी विहिरीचं नाहीतर बोडीचं. जेवायला भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. वऱ्हाडाचा जानोसा शेजाऱ्याच्या घरी किंवा शाळेत. आवतन तोंडी, आणि मान द्यायचा असला तर चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, सगळं घर जेवायला आपल्याकडे.

वऱ्हाड यायचं बैलबंडीनं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे आणि नागभीडकडे छोटी लाईन सुरू झाली, आणि वऱ्हाडं रेल्वेनंही यायला लागली. आपल्या सोयरिकी कधीच एका जिल्ह्यात मावल्या नाहीत. बालाघाट, राजनांदगाव, भंडारा, नागपूर. तेव्हा यातलं बहुतेक मध्य प्रांतातच होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. 2000 साली छत्तीसगड वेगळं झालं. मधल्या काळात, 1 मे 1999 ला, आपला जिल्हाही भंडाऱ्यातून वेगळा झाला. रेषा बदलल्या, पण मामा-मावशा रेषेच्या पलीकडेच राहिल्या. म्हणून इथल्या एका मांडवात मराठी, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी अशा सगळ्या भाषांत भांडणं होतात. आणि समेटही.

आता खर्चाकडे येऊ. एवढं सगळं व्हायचं कसं? माझ्या मते याचं उत्तर एका वस्तूत आहे, ती म्हणजे आहेराची वही. मांडवाच्या कोपऱ्यात एक जण वही घेऊन बसायचा. कोणी लुगडं दिलं, कोणी धोतर, कोणी सव्वा रुपया, कोणी गंज, कोणी पायलीभर तांदूळ. नाव, गाव, वस्तू असं सगळं लिहिलं जायचं. बरेच जण याला नुसती मानपानाची यादी समजतात. मला तो हिशेब वाटतो. उद्या त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की वही काढायची, त्यानं काय दिलं होतं ते बघायचं आणि तेवढं किंवा थोडं जास्त परत करायचं. म्हणजे ती बिनव्याजी भिशीच होती. ज्याच्या घरी लग्न, त्याला या वर्षी सगळ्यांचा हात. पुढच्या वर्षी त्याचा हात दुसऱ्याला. मेहनतीचंही तसंच. आज तुमच्या मांडवाला मी बल्ल्या आणल्या, उद्या माझ्याकडे तुम्ही. स्वयंपाकाची मोठी भांडीही या घरची त्या घरी फिरायची.

म्हणजे लग्न स्वस्त नव्हतं. खर्च तेवढाच होता, पण तो रोख नव्हता आणि एकट्याच्या डोक्यावर नव्हता.

इथपर्यंतचा इतिहास सगळ्यांना आवडतो. पुढचाही सांगितला पाहिजे.

सगळी मेहनत काही परतफेडीची नव्हती. मालगुजाराच्या वाड्यात लग्न निघालं की गावातल्या कुळांनी राबायचं, ही वेठ होती. तिची परतफेड कोणत्याच वहीत नाही. 1951 साली मालगुजारी-जमीनदारी कायद्यानं संपली, तेव्हा कुठे ती सैल झाली. पाणी भरणारे ढिवर, कपडे धुणारे वरठी, न्हावी, वाजंत्री या सगळ्यांचं काम ठरलेलं आणि बसायची जागाही ठरलेली. पंगत एक नसायची. कोणाची पंगत मांडवात, कोणाची मांडवाबाहेर, आणि कोणाला शेवटी उरलेलं पदरात. आज आपण ज्या अंगणाची आठवण काढतो, त्या अंगणाच्या उंबऱ्यापाशी थांबवलेल्या माणसांच्या नातवंडांना ती आठवण तशी गोड वाटेल का, हे एकदा विचारून बघा.

आणि बाया. सडा, सारवण, दळण, कांडण, निवडण, पापड, शेवया, आणि लग्नाचे तीन-चार दिवस शंभर-दोनशे माणसांचं रांधणं. हे कोणी मोजलंच नाही. आहेराच्या वहीत पायलीभर तांदूळ लिहिला आहे, पण तो कांडणारीचं नाव नाही.

नवरा-नवरीचं वयही विसरू नका. मुलींचं वय किमान 14 आणि मुलांचं 18 ठरवणारा शारदा कायदा 1929 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. त्या तारखेच्या आधी देशभर लोकांनी घाईघाईनं लेकरांची लग्नं उरकली. अंगणातल्या त्या देखण्या मांडवात बसलेली नवरी कितीदा तरी झोपेला आलेलं पोर असायची.

या सगळ्याला विरोधही जुनाच आहे. 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च पानसुपारीपुरता. महात्मा फुले आणि सावित्रीबाई पाठीशी उभे होते. लग्न साधं असावं हा विचार आपल्याकडे इंटरनेटवरून आलेला नाही, त्याला दीडशे वर्षं झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत हुंड्यावर आणि लग्नातल्या उधळपट्टीवर कोरडे ओढले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि आपल्या भागात गावोगावी बौद्ध पद्धतीची लग्नं लागू लागली. होम नाही, सप्तपदी नाही. पांढरे कपडे, वंदना, त्रिशरण-पंचशील आणि सगळ्यांसमोर घेतलेल्या प्रतिज्ञा. ज्यांना दुसऱ्याच्या मांडवाबाहेर बसवलं होतं, त्यांनी स्वतःच्या अंगणात स्वतःचा मांडव घातला. आपल्या जिल्ह्यात 'साधं आणि देखणं' लग्न बघायचं असेल तर माझ्या मते ते इथे आहे.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या गोंड समाजाकडे तर उलटीच रीत होती. हुंडा द्यायचा नाही, मुलीकडच्यांना देज द्यायचं. देज द्यायची ऐपत नसेल तर मुलगा 'लमसेना' होऊन मुलीच्या बापाच्या घरी काही वर्षं राबायचा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर जे चार खंड काढले, त्यात याची नोंद आहे. ज्यांना आपण मागास म्हणत आलो, त्यांच्याकडे लेकीचा बाप कर्जबाजारी होत नव्हता.

मग लॉन आले कसे? लोकांना एकदम श्रीमंतीचा सोस सुटला असं मला वाटत नाही. आधी बिछायत केंद्र आलं. कापडी मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. मग आचारी आले, मग केटरर्स, मग बफे. तोवर अंगणच आकसलं होतं. भावाभावांत वाडे वाटले गेले, मधे भिंती आल्या. सरकारी घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. त्यात मांडव घालायचा कुठे? पोरं नागपूर-पुण्याला गेली, बल्ल्या आणायला हात उरले नाहीत. बायांनी तीन दिवस चुलीपुढे बसायला नकार दिला, आणि बरं केलं. शिवाय लॉनमध्ये पैसे भरले की जात कोणी विचारत नाही, खुर्ची सगळ्यांना सारखी. ज्याच्याकडे अंगण नव्हतं, त्याला भाड्यानं का होईना अंगण मिळालं. हे लॉनचं श्रेय आहे, ते नाकारू नये.

पण लॉनवाल्याला ॲडव्हान्स रोख लागतो. केटररला रोख, धुमाल पार्टीला रोख, फोटोवाल्याला रोख. भिशीसारखी फिरणारी जुनी उधारी मोडली आणि तिच्या जागी बचत गटाचं कर्ज, फायनान्स कंपनीचा हप्ता, नाहीतर सावकार आला. हिशेब करून बघा. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला ₹2,369 आहे. म्हणजे लग्नावरचा प्रत्येक एक लाख रुपये जवळपास 42 क्विंटल धान आहे. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यानं हा आकडा आपल्या पिकाशेजारी ठेवून पाहावा. आहेर अजूनही येतो, पाकिटात येतो. पण पाकीट जेवणाच्या ताटाचा खर्चही भरून काढत नाही.

मग कोरोना आला. 2020 च्या मे महिन्यात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारनं आणखी आवळलं. पंचवीस माणसं, दोन तासांत लग्न, मोडलं तर ₹50,000 दंड. राज्याची हद्द ओलांडायला पास लागत होते, त्यामुळे बालाघाटचा मामा व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकत होता. पण त्या दोन वर्षांत लग्नं झाली, अंगणातच झाली, आणि संसार काही अडले नाहीत. इतक्या वर्षांच्या प्रबोधनानं जे पटलं नव्हतं ते एका आदेशानं करून दाखवलं. बंदी उठताच आपण दुप्पट जोमानं लॉनकडे पळालो, हाही इतिहासच.

कायद्याला तर लॉन कधीच नको होता. हिंदू विवाह कायदा, 1955 चं कलम 7 रूढीप्रमाणे केलेले विधी मागतं, स्टेज नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, विधी झाले पाहिजेत. नोंदणी 1998 च्या राज्याच्या कायद्यानुसार गावातच, ग्रामसेवकाकडे होते. बालविवाह रोखायची जबाबदारीही गावात त्याच ग्रामसेवकावर आहे, हेही लक्षात असू द्या.

म्हणून घरी लग्न करायचं ठरवलेल्यांना माझं सांगणं एवढंच. जरूर करा. पण झेंडूच्या माळांपेक्षा आधी दोन-चार गोष्टी ठरवा. पंगत एकच असेल आणि ती कोणासाठी मागे राहणार नाही. राबणाऱ्याला, मग तो आचारी असो, मांडववाला असो की भांडी घासणारी बाई, पूर्ण मजुरी मिळेल. घरच्या बायाही मांडवात बसतील. पत्रावळी पळसाच्याच घ्या. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच, आणि तो पैसा गावातल्या पानं टाचणाऱ्या बायांच्या हाती जाईल. रात्री दहानंतर आवाज बंद. आणि कर्ज नाही. हे जमत नसेल तर अंगणातलं लग्न म्हणजे बंगलेवाल्यांची नवी फॅशन होईल, आणि ज्याच्याकडे अंगण नाही तो बाप तीही फॅशन उधारीवर करेल. अंगणासारखं दिसावं म्हणून सजावटवाल्याला लाखभर देणारे निघतीलच.

अंगण नसेल तर शाळेचं मैदान आहे, समाजभवन आहे, विहार आहे, सामूहिक विवाह सोहळा आहे. मांडव कुठे घातला यापेक्षा त्याचा भार किती खांद्यांवर वाटला गेला, हे बघा.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी, आजोबांच्या पेटीत, आहेराची जुनी वही असेल तर रद्दीत देऊ नका. कोणत्या साली लुगडं दिलं जायचं, कधीपासून स्टीलचा डबा आला, कधी नगद सुरू झालं, कोणत्या गावाशी सोयरिक होती, हे सगळं त्यात आहे. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. आणि वही वाचताना एक बघा, त्यात कोणाकोणाची नावं आहेत. गावातल्या कोणाची नाहीत, तेही बघा. सापडलं तर खाली लिहा.