टेंकारा: रीळ नसलेल्या गळाची गोष्ट

मागे एका भागात मी बोलण्याच्या ओघात टेंकाराला ‘सामुराईंची ध्यानधारणा’ म्हणून टाकलं होतं. ते साफ चुकलं. आज ती चूक दुरुस्त करतो.

टेंकारा म्हणजे जपानच्या डोंगरी ओढ्यांत मासे गरवायची जुनी पद्धत. एक लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि दोरीच्या शेवटी गळ. बस्स, रीळबिळ काही नाही. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा असतो, त्याला ‘केबारी’ म्हणतात. त्यावर लागतात इवाना, यामामे, अमागो. थंड वाहत्या पाण्यातले, ट्राउटच्या कुळातले मासे.

आता हे इतकं साधं का? साधेपणाचं तत्त्वज्ञान म्हणून? नाही हो, पोटासाठी! हे लोक पकडलेले मासे विकायचे, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या खानावळींना, सरायांना. बांबू डोंगरात मिळायचा, दोरी घोड्याच्या केसांची वळायची. ओढा अरुंद, मासा काठीच्या टप्प्यात, मग रीळ हवंच कशाला? आणि खोटा किडा एकदा बांधला की पुन्हा पुन्हा वापरता येतो, दर वेळी आमिष शोधत बसावं लागत नाही. वेळ वाचला की चार मासे जास्त.

सामुराईही मासे धरायचे, पण त्यांचा छंद वेगळा. कागा प्रांतातले सामुराई पिसांचे गळ वापरून ‘आयु’ नावाचा मासा धरायचे. ती परंपरा निराळी. आपण मात्र दोन्ही एकात कालवून मोकळे होतो.

खरी चुटपुट पुढे आहे. डोंगरातल्या या लोकांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं नाही. या पद्धतीची जुन्यात जुनी मानली जाणारी लेखी नोंद 1878 ची, तीही एका परक्याच्या डायरीत! अर्नेस्ट सॅटो हा इंग्रज मुत्सद्दी तातेयामाच्या डोंगरांत भटकायला गेला होता, त्याने ती केली. ‘टेंकारा’ या शब्दाचा उगमसुद्धा नक्की नाही. ‘आकाशातून’ असा अर्थ सांगतात खरा, पण तो अंदाजच.

2009 मध्ये टेंकारा अमेरिकेत पोचलं, तिथे कंपनी निघाली, कार्बनच्या काठ्या विकल्या जाऊ लागल्या. त्यात वाईट काही नाही. पण जाहिरातीत शांतता दिसते, संध्याकाळी सरायीत मासे पोचवायची घाई दिसत नाही. मीही तीच जाहिरात गिळली होती, अगदी गळासकट!

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात कुणी जाळं विणत असेल, टोपल्या वळत असेल, गरवायला जात असेल, तर आजच फोन काढा आणि त्यांना बोलतं करा. त्यांची नोंद कुणा परक्या पाहुण्याच्या डायरीवर सोडू नका.

भेटू पुढच्या भागात!