भाकस, लेपी आणि आमची एम्मी

मी जतचा, त्यामुळे समुद्राशी आमचा संबंध मिठापुरताच. शिकायला मुंबईत आलो तेव्हा बाजारात पहिल्यांदा चपटा मासा बघितला. दोन्ही डोळे एकाच बाजूला! मासे विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हा भाकस. आणि ती जिभेसारखी लांबट, ती लेपी."

अंड्यातून बाहेर येताना या माशांचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंनाच असतात. वाढता वाढता एक डोळा सरकत दुसरीकडे येतो आणि मासा कुशीवर पडून वाळूला चिकटतो. लेपी हे नाव या चिकटण्यावरून, लेपावरून पडलं असावं, हा आपला माझा अंदाज. भाकसाचं मात्र काम अर्धवट. त्याचा सरकणारा डोळा माथ्यापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो.

खरी गंमत त्याच्या शास्त्रीय नावात आहे: सेट्टोडीस एरुमेई. मला वाटलं, असेल काहीतरी लॅटिन. तर नाही! तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी ही तेव्हा डॅनिश लोकांची वसाहत. तिथला मिशनरी क्रिस्टोफ जॉन बर्लिनच्या डॉक्टर ब्लॉखला मासे पाठवायचा. ब्लॉख १७९९ मध्ये वारला. त्याचं अपुरं पुस्तक श्नायडरनं १८०१ मध्ये छापलं, त्यात हे 'एरुमेई' आलं. तमिळमध्ये या माशाला म्हणतात 'एरुमै नाक्कु', म्हणजे म्हशीची जीभ. शास्त्रीय नावात जीभ गळाली, नुसती म्हैस उरली. लेपीच्या कुळाचं 'सायनोग्लॉसस' हे नाव ग्रीक, अर्थ कुत्र्याची जीभ. तिथं निदान जीभ तरी शाबूत आहे.

तमिळ एरुमै आणि कन्नड एम्मे ही एकाच मुळाची भावंडं. आमच्या भागात कन्नड बोलणारे शेजारी म्हशीला एम्मीच म्हणतात. यल्लम्माच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात हा शब्द लहानपणापासून ऐकलेला. होस्टेलवर माझ्या कानडी वळणाच्या मराठीची चार वर्षं टिंगल झाली, मी बोलणंच कमी केलं होतं. आणि इथं आमच्या गोठ्यातल्या शब्दाचा सख्खा भाऊ सव्वादोनशे वर्षं जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत बसलाय. जॉनचं, ब्लॉखचं नाव आपल्याला माहीत आहे. हा शब्द ज्यांच्या तोंडचा, त्या कोळ्यांपैकी एकाचंही नाही.

रात्री आईला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दूध किती देती म्हणायची?"