तीन बहिणी, तीन दाखले

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज गोष्ट आहे तीन सख्ख्या बहिणींची. बहिणी मी मनानं उभ्या केल्या आहेत, पण त्यांच्या आयुष्यात जे घडतं ते उदगीर, देगलूर, मुखेडच्या कोणत्याही तांड्यावर तुम्हाला खरं भेटेल.

उदगीरजवळच्या एका तांड्यावरच्या या तीन लेकी. एका याडीच्या कुशीतल्या, एकच गोरबोली बोलणाऱ्या. थोरलीला दिलं औरादला, म्हणजे कर्नाटकात. मधली इथंच उदगीर तालुक्यात राहिली. धाकटी गेली नारायणखेडला, म्हणजे तेलंगणात. तिघींचे नवरे बंजारा समाजाचेच. तिघींना एकेक मुलगी झाली. मुली दहावीला आल्या आणि जातीच्या दाखल्याची वेळ आली. थोरलीच्या मुलीच्या दाखल्यावर आलं, अनुसूचित जाती. धाकटीच्या मुलीच्या दाखल्यावर आलं, अनुसूचित जमाती. आणि मधलीच्या मुलीच्या दाखल्यावर आलं, विमुक्त जाती अ. आजी एक, देव एक, सेवालाल महाराज एक, आणि नातींचे दाखले तीन तऱ्हेचे. असं कसं झालं?

हे समजायला जरा मागं जावं लागेल.

बंजारा समाजाला आपण लमाण म्हणतो. लवण म्हणजे मीठ, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. बादशाही फौजांना दाणागोटा तेच पोचवत. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी हिंदुस्थानात फिरला. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. बायका त्या तांड्याबरोबर चालत. चूल, लेकरं, वासरं सगळं वाटेवरच.

मग आली आगगाडी. 1900 च्या सुमाराला मनमाडहून नांदेडवरून हैदराबादकडे रेल्वे सुरू झाली. 1911 साली बार्शीची छोटी गाडी लातूरला पोचली. बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात गेला. तांडा थांबला. पण थांबायचं कुठं? काळी जमीन तर आधीच गावकऱ्यांच्या नावावर होती. तांड्याला मिळाली डोंगराच्या कडेची, माळाची, मुरमाड जमीन. बालाघाटाच्या रांगेत कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोटकडे गेलात तर आजही तांडे कुठं वसले आहेत ते बघा. गाव खाली पाण्याजवळ, तांडा वर माळावर.

ब्रिटिशांच्या मुलखात आणखी एक घाला पडला. 1871 साली कायदा करून त्यांनी कितीतरी फिरत्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला. शिक्क्यातून सुटल्या त्या जाती विमुक्त. महाराष्ट्रानं विमुक्त जातींची यादी केली, तिच्यात चौदा नावं आहेत आणि बंजारा हे त्यातलं एक.

आता आपल्या भागाची गंमत ऐका. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, तेव्हा उदगीर, औराद आणि नारायणखेड ही तिन्ही ठिकाणं एकाच बिदर जिल्ह्यात होती. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बिदरचे तालुके होते. किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेप्रमाणे राज्यांची नवी मांडणी झाली आणि बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात आले. तेच पुढं 1 मे 1960 ला महाराष्ट्र झालं, आणि 16 ऑगस्ट 1982 ला उस्मानाबादमधून वेगळा लातूर जिल्हा निघाला. औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. नारायणखेड आंध्रात गेलं, ते आता तेलंगणात आहे. किनवट आणि इस्लापूर नांदेडला जोडलं गेलं, तर भैसा, मुधोळ, बिचकुंदा, जुक्कल नांदेडमधून निघून पलीकडे गेलं.

राज्यं मराठी, कन्नड आणि तेलुगूच्या हिशेबानं पडली. गोरबोलीचा हिशेब त्यात कुणी धरला नव्हता.

तरी 1956 ला दाखले वेगळे झाले नव्हते. आपल्या निजामी मुलखातल्या लमाणांना तेव्हा कुठंच अनुसूचित जाती किंवा जमातीत धरलेलं नव्हतं. पण शेजारी वेगळं होतं. जुन्या म्हैसूरच्या भागात लंबाणी अनुसूचित जातीत होते. किनाऱ्याकडच्या आंध्रात लंबाडी आणि सुगाळी अनुसूचित जमातीत होते. म्हणजे एकाच राज्यात एका जिल्ह्यातल्या लमाणाला सवलत आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्याला नाही, असा प्रकार चालू होता. तो मोडायला संसदेनं 1976 साली कायदा केला आणि 1977 पासून तो लागू झाला. एका राज्याला एकच यादी, असं ठरलं. त्यामुळे बिदर-गुलबर्ग्याचे लंबाणी म्हैसूरकडच्यांसारखे अनुसूचित जातीत गेले. तेलंगणाचे लंबाडे आंध्रवाल्यांसारखे अनुसूचित जमातीत गेले. महाराष्ट्रात मात्र कोणत्याच भागातले बंजारा त्या याद्यांत नव्हते. जोडून घ्यायला शेजारी कुणी नव्हतं. म्हणून मधली बहीण होती तिथंच राहिली.

ज्या जिल्ह्यात आपली वस्ती पडली, त्यावर नातींचं नशीब ठरलं.

आता या दाखल्यानं काय फरक पडतो ते पाहू. महाराष्ट्रात विमुक्त जाती अ ला राज्याच्या नोकरीत आणि शिक्षणात 3 टक्के जागा आहेत. केंद्राच्या नोकरीत, म्हणजे रेल्वे, टपाल, बँकेत, मधलीची मुलगी ओबीसीत धरली जाते. तिला दरवेळी नॉन क्रिमिलेअरचा कागद काढावा लागतो, तो मावसबहिणींना लागत नाही. कर्नाटकात अनुसूचित जातींचा वाटा 2022 साली 17 टक्के केला गेला, तेलंगणात त्याच वर्षी अनुसूचित जमातींचा वाटा 10 टक्के केला गेला. हे वाटे एकट्या बंजारा समाजाचे नाहीत, त्यात अनेक जाती-जमाती आहेत, हेही लक्षात ठेवा.

मोठा फरक दोन ठिकाणी आहे. पहिला म्हणजे अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 चा. जातीवरून कुणी अपमान केला, अंगावर हात टाकला, तर थोरलीची आणि धाकटीची मुलगी त्या कायद्याखाली तक्रार देऊ शकते. मधलीच्या मुलीला तो कायदा लागू नाही. दुसरा म्हणजे सत्तेची खुर्ची. तिकडे विधानसभेत आणि लोकसभेत राखीव जागा आहेत. तेलंगणात महबूबाबादच्या राखीव जागेवरून 2019 साली मालोत कविता खासदार झाल्या. त्याच वर्षी सत्यवती राठोड तिथं मंत्री झाल्या. महाराष्ट्रात विमुक्तांना विधानसभेत राखीव जागा नाही.

पण थांबा. याच महाराष्ट्रात बंजारा समाजाचे दोन मुख्यमंत्री झाले. वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत, आणि सुधाकरराव नाईक 1991 ते 1993. वसंतराव मुख्यमंत्री असतानाच 1972 चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमीची कामं निघाली. आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांनी खडी फोडून लेकरं जगवली ती त्याच कामांवर. म्हणजे राखीव जागेवाचून आमचं कुणीच वर गेलं नाही, असं म्हणता येत नाही. आणि दोन माणसं वर गेली म्हणून तांडा वर आला, असंही म्हणता येत नाही.

तांड्याचंच बघा. तेलंगणानं 2018 च्या कायद्यानं पाचशेवर वस्तीच्या तांड्यांना स्वतःची ग्रामपंचायत दिली. कर्नाटकात तांड्यांना महसुली गाव करायचं काम झालं, आणि 2023 च्या जानेवारीत बिदर, कलबुर्गी भागातल्या पन्नास हजारांच्या आसपास कुटुंबांना राहत्या जागेचे हक्कपत्र मिळाले. आपल्याकडे वसंतराव नाईकांच्या नावानं तांडा वस्ती सुधार योजना आहे, रस्ता-पाण्याची कामं तिच्यातून होतात. पण बरेच तांडे अजून मोठ्या गावाच्या ग्रुप ग्रामपंचायतीत आहेत. ग्रामसभा गावात भरते. तांड्यावरची बाई रोजगार बुडवून दोन-तीन किलोमीटर चालत जाणार कशी? गेली तरी मागं उभी राहणार.

मग पलीकडे सगळं सोन्याचं आहे का? नाही. नलगोंडा जिल्ह्यातल्या तांड्यांतून तान्ह्या मुली दत्तकाच्या नावाखाली विकल्या जातात, हे 1999 ते 2001 च्या सुमाराला उघडकीला आलं आणि देशभर गाजलं. त्या आयांच्या हातातही अनुसूचित जमातीचा दाखला होता. हुंडा आणि गरिबी त्या दाखल्याला घाबरली नाही. कर्नाटकातले तांडे आजही कामासाठी मुंबई, पुणे, गोव्याला जातात. आपले तांडे दिवाळी झाली की कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. मुकादमाची उचल, कोप, पहाटेची मोळी, नवरा-बायको मिळून एक कोयता. दाखल्याचं नाव बदललं तरी उचल फिटत नाही.

आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहील. आदिलाबादच्या जंगलात गोंड आणि कोलाम पिढ्यानपिढ्या राहतात. जमिनीसाठी ते लढले. 1940 साली जोडेघाटला त्यांचे पुढारी कोमराम भीम गोळीबारात मारले गेले. 1977 नंतर लंबाडे त्यांच्याच यादीत आले, तेव्हा शिकलेल्या लंबाड्यांनी जागा घेतल्या आणि आमच्या वाट्याला उरलं नाही, अशी त्यांची तक्रार झाली. 2017 साली तिथं त्यावरून मोठी आंदोलनं झाली. कर्नाटकातही अनुसूचित जातींच्या आतल्या वाटणीवरून भांडण चाललं. 2025 साली हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन आपल्याकडे बंजारा समाजाचे मोर्चे निघाले, तेव्हा किनवट-माहूरकडच्या गोंड, आंध, कोलाम बाया धास्तावल्या त्या यामुळेच. तांड्यावरच्या बाईला वाटतं, माझ्या बहिणीच्या मुलीला मिळतं ते माझ्या मुलीला का नाही. पाड्यावरच्या बाईला वाटतं, माझ्या ताटातलं अर्धं जाईल. दोघींचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. निकाल संसद आणि कोर्ट देतील. पण बचत गटात या दोघी शेजारी बसतात, आणि त्यांनी शेजारीच बसत राहावं.

आता शेवटची, फार कामाची गोष्ट. थोरली बहीण औरादला सून म्हणून गेली, तिथं वीस वर्षं राहिली. गावात ग्रामपंचायतीची एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाली. सगळे म्हणाले, उभी राहा. पण दाखला तिला मिळाला नाही. कारण बाईची जात नवऱ्यावरून नाही, बापावरून धरतात. आणि एका राज्यातली सवलत दुसऱ्या राज्यात चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. म्हणजे माहेरची विमुक्त जाती कर्नाटकात उपयोगाची नाही, आणि सासरची अनुसूचित जाती तिची नाही. तिची लेक उभी राहू शकेल, ती नाही. सीमेपलीकडे लेक देताना आपण मुलगा, घर, जमीन बघतो. याचाही विचार करत जा.

आणि कागद जपा. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचा प्रवेश निर्गम उतारा काढा. नसतील गेले तर त्यांच्या बहीण-भावांचा बघा. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि तहसीलमधली खासरा पाहणी तपासून घ्या. नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल तर वाचणारा शोधा. नोंदीत कुठं लमाण, कुठं लमाणी, कुठं लंबाडा, कुठं बंजारा लिहिलेलं सापडेल. घाबरू नका, पण सगळे कागद एकत्र ठेवा. मुलगी दहावीला गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती आठवीत असतानाच सुरुवात करा. आणि मुलगी सासरी जाताना तिच्या पेटीत बापाच्या कागदांच्या प्रती घाला. फडावर जाताना मूळ कागद बरोबर नेऊ नका. कोप जळाली, पाऊस आला, तर पुन्हा सारं पहिल्यापासून करावं लागतं.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, तुझ्या आजोबांची नोंद कुठं आहे? बघा किती जणींना सांगता येतं ते. तिघी बहिणी दिवाळीला माहेरी येतील तेव्हा एकाच ताटात जेवतील. त्यांच्या लेकी आपापले दाखले मांडून बसतील, तेव्हा हे असं का झालं, ते सांगणारी एक तरी बाई त्या घरात असावी.

येते मी. नमस्कार.