दहा हजार रुपये आणि पाटीवरचं नाव

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. दोन मैत्रिणींबरोबर सॉफ्टवेअरची कंपनी काढतेय. म्हणाली, "आजी, भांडवल मागायला गेलं की पहिला प्रश्न, लग्न झाल्यावर कंपनीचं काय?"

मला सुधा मूर्ती आठवल्या. पूर्वाश्रमीच्या सुधा कुलकर्णी, माझ्याच वयाच्या, जन्म १९५० चा. आपल्या सोलापुरातून होटगी-विजापूर-गदग मार्गाने हुबळीला जाता येतं. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्गात त्या एकट्याच मुलगी. प्रवेश देताना अटी घातल्या: साडी नेसायची, कॅन्टीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. मुलींसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं.

१९७४ साली बंगळूरला एम.ई. करताना त्यांना टेल्कोची जाहिरात दिसली. महिलांनी अर्ज करू नयेत, असं तीत छापलेलं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या टेल्कोच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या.

इथवरची गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली. पुढची मात्र कधी सांगितली नाही.

१९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. सुरुवातीला हाताशी पैसे होते ते सुधाताईंनी साठवून नवऱ्याला दिलेले दहा हजार रुपये. संस्थापक सात, सातही पुरुष. नवरा-बायकोपैकी एकानेच कंपनीत राहायचं, असं नारायण मूर्तींचं मत. त्यामुळे त्या बाहेर राहिल्या. आम्हा सातही जणांपेक्षा तिची पात्रता जास्त होती, आपलं तेव्हा चुकलं, असं मूर्तींनी २०२४ साली जाहीरपणे मान्य केलं. मधे त्रेचाळीस वर्षं गेली!

ही गोष्ट मी का टाळत होते, ते आता कळतं. त्याच सुमारास माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून आमच्या घरी चार यंत्रमाग आले. हप्ते माझ्या पगारातून कापले जात. शाळा सुटल्यावर चादरींचा हिशेब मी लिहायची. पाटी लागली ती यजमानांच्या नावाची, पुढे "आणि सन्स". मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. थोरली लेक नऊ वर्षांची, अक्षर सुरेख, म्हणून पाटीचा मजकूर पेंटरला तिनेच लिहून दिला! आम्हा कुणालाच त्यात काही खटकलं नाही. यजमान दुष्ट नव्हते हो. तशी रीतच होती, आणि ती मीही पाळली.

नातीला म्हटलं, माझी मुदत ठेव संपतेय, ते पैसे घे. ती लगेच म्हणाली, "मग भागधारक म्हणून तुझं नाव घालते."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "राहू दे गं, माझं कशाला?"

फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. संध्याकाळी पुन्हा फोन लावला. म्हटलं, घाल. पूर्ण नाव घाल, आणि स्पेलिंग मला विचारून घाल.

असो. मंडळी, तुमच्या घरच्या धंद्यात पैसा कोणाचा होता आणि पाटीवर नाव कोणाचं? एकदा आईला विचारून पाहा.