खोडदच्या संगणकांना काय काय लागले?

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेची मोजदाद अंकांसह कोरलेली आहे. जुन्नर-आंबेगावचा इतिहास सांगताना आपण बहुधा तेथूनच आरंभ करतो. परंतु याच जुन्नर तालुक्यात, खोडदला, मोजदादीचे आणखी एक प्रकरण घडले. त्याचे साधन शिलालेख नव्हे, तर संगणकांच्या गरजांची यादी आहे. अशी यादी कशी वाचावी, हे आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवत नाही!

गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम आरंभी खास त्यासाठी घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करीत असे. तिची रचना ठरलेली होती. संशोधकाचा प्रश्न बदलला म्हणून ती सहजी बदलत नसे. तेच काम सॉफ्टवेअरकडे सोपवल्याचा वृत्तान्त २०१० च्या एका शोधनिबंधात आला आहे.

त्या सॉफ्टवेअरला काय लागले? बाजारात मिळणारेच सुटे भाग, लिनक्सवर चालणारे ४८ संगणक, संकेतांचे अंकांत रूपांतर करणारी कार्डे आणि संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या दुहेरी गिगाबिट वाहिन्या. यादी साधी दिसते. तिच्यामागचे गणित मात्र साधे नाही. प्रत्येक अँटेनाचे दोन संकेत, म्हणजे एकूण ६०. ३३ मेगाहर्ट्झ रुंदीचा संकेत टिपायचा तर सेकंदाला किमान ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. साठांचे मिळून सुमारे ४०० कोटी! शिवाय ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा हिशेब तत्क्षणी व्हावा लागतो. आकाश कोणासाठी थांबत नाही. म्हणून प्रोसेसरच्या कॅशेत मावतील एवढेच तुकडे करून अनेक गणिते एकाच वेळी उरकणारी आज्ञावली लिहिली गेली.

आणखी एक अट मला सर्वांत बोलकी वाटते. ही दुर्बीण खोडदला आली ती येथील रेडिओ-शांततेमुळे. आणि संगणक तर स्वतःच रेडिओ गोंगाट करतात. म्हणून अशा दुर्बिणीजवळ त्यांना धातूने मढवलेल्या खोलीत कोंडावे लागते. बाहेरचा गोंगाट, उदाहरणार्थ विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा, वेचून काढण्याची सोय आता आज्ञावलीतच करता येऊ लागली.

या खटाटोपाचे फळ शोधकार्यात दिसते. स्पंदक तारा शोधताना त्याचे अंतर ठाऊक नसते. कमी वारंवारतेच्या लहरी अवकाशातून किती उशिरा पोहोचतील, तेही ठाऊक नसते. म्हणून शेकडो संभाव्य विलंब गृहीत धरून, प्रत्येकात नियमित ठोका आहे का, हे तपासावे लागते. पूर्वीही खोडदने असा शोध लावला होता. एनजीसी १८५१ या तारकागुच्छातील स्पंदक २००४ मध्ये जाहीर झाला. नव्या यंत्रणेने मात्र अशा शोधांना वेग आला. त्यांतलाच जे१५४४+४९३७ हा स्पंदक २.१६ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि त्याचा सोबती सुमारे दर तीन तासांनी त्याला ग्रहण लावतो.