झेल एकाचा, बळी दुसऱ्याचा

ओव्हल, सोमवार, २३ ऑगस्ट १९७१. इंग्लंडच्या दुसऱ्या डावाच्या धावफलकात एक ओळ आहे : नॉट, झे. सोलकर गो. वेंकटराघवन, १. पहिल्या डावात याच अ‍ॅलन नॉटने ९० धावा काढून आपल्याला छळलं होतं. दुसऱ्या डावात त्याच्या बॅटला लागलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत एकनाथ सोलकरने पुढे झेपावून, आडवा पडून उचलला. त्याचा फोटो जुन्या क्रिकेटवेड्यांच्या घरात गणपतीच्या फोटोशेजारी असायला हरकत नाही, इतका तो प्रसिद्ध आहे.

मला मात्र नेहमी कुतूहल वाटतं ते त्या ओळीचं. तिच्यात नावं दोन आहेत. बळी वेंकटच्या खात्यात, झेल सोलकरच्या. दोघांनाही पूर्ण श्रेय, जणू दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. पण घडली तर एकच ना?

हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्याने घोळायला लागला तो अमेरिकेतल्या भाच्यामुळे. तिकडच्या फुटबॉलचं त्याला वेड. (त्या खेळात पायाचा संबंध फारसा येत नाही, तरी नाव फुटबॉल. असो.) त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो आणि रिसीव्हर धावत जाऊन तो पकडतो. भाचा म्हणाला, २००७ साली टॉम ब्रेडीने ५० टचडाउन पास दिले आणि त्यातले २३ एकट्या रँडी मॉसने पकडले. त्या वेळी दोन्ही आकडे एका मोसमातले विक्रम होते. गंमत अशी की त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या संघात असताना मॉसला फक्त ३ टचडाउन जमले होते. लोक म्हणायला लागले, ब्रेडीने मॉसला घडवलं. मग २००८च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. त्याच्या जागी मॅट कॅसल आला, ज्याचं नाव तोवर फारसं कुणी ऐकलं नव्हतं. मॉसने त्याही मोसमात ११ टचडाउन केले. म्हणजे २३ नाहीत, पण ३ सुद्धा नाहीत. आता सांगा कुणी कुणाला घडवलं?

मी त्याला म्हटलं, बाबा रे, हे भांडण आमच्याकडे जुनं आहे. आमच्याकडे त्याचं नाव सोलकर.

सोलकरचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी होते. मैदानाच्या कडेलाच घर, त्यामुळे पोरगं गवतावरच वाढलं. १९६९ ते १९७७ या काळात सोलकर २७ कसोटी खेळला. फलंदाजीची सरासरी पंचविशीची, शतक एक, बळी १८. या आकड्यांवर कुणाचंही नाव पन्नास वर्षं टिकत नाही. पण झेल ५३! सामन्याला जवळजवळ दोन. यष्टिरक्षक नसलेल्यांमध्ये हे प्रमाण विलक्षण आहे. आणि ते बहुतांशी फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बॅटपासून दोन-तीन पावलांवर, डोक्यावर हेल्मेट नसताना.

तिथे उभं राहणं म्हणजे काय याचा जरा विचार करा. गोलंदाजाने एक चेंडू आखूड टाकला आणि फलंदाजाने तो जोरात ओढला, तर पहिला मार या माणसाला. म्हणजे त्याचं डोकं शाबूत राहणं सर्वस्वी गोलंदाजाच्या टप्प्यावर अवलंबून. बेदीचा टप्पा घड्याळासारखा. वेंकट आणि प्रसन्नाही शिस्तीचे. चंद्रशेखरचा मात्र भरवसा नाही. पोलिओने बारीक झालेल्या हातातून त्याचा चेंडू काय वेगाने आणि कुठे वळून येईल हे कधीकधी त्यालाही ठाऊक नसे म्हणतात. तरीही सोलकर तिथून हलला नाही. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण चंद्राच्या षटकांत आहे.

उलट बाजूनेही तेच. फलंदाजाला सोलकर नाकासमोर दिसत असे. बॅट पुढे नेली तर झेल जाईल, म्हणून तो पॅड पुढे करायचा, आणि मग चेंडू आत वळला की पायचीत. किंवा घाईने मागे सरकायचा आणि त्रिफळा उडायचा. अशा बळींच्या ओळीत सोलकरचं नाव कुठेच नाही. त्या सोमवारी चंद्राने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ मध्ये गारद झालं. धावफलकाप्रमाणे सोलकरचे झेल दोनच, फ्लेचर आणि नॉट. पण बाकीच्यांच्या बॅटा कुणाला बघून थबकल्या हे धावफलक कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, गणेश चतुर्थी होती. आमच्या देवळाली कॅम्पात रेडिओ असलेली घरं मोजकी, आणि आम्ही पोरं त्यातल्या एकाच्या ओट्यावर. खरखरीतून एखादं वाक्य कळायचं. १७३ धावा हव्या होत्या, वाडेकर सकाळीच धावचीत झाला होता, आणि आरतीची वेळ होत आली तरी कुणी उठायला तयार नव्हतं. शेवटी अबिद अलीने चौकार मारला. इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय! गणपतीनिमित्त त्या दिवशी ओव्हलवर बेला नावाची खरीखुरी हत्तीण आणली होती हे आम्हाला फार नंतर कळलं.

आता याच्या आधीची पिढी पाहा. सुभाष गुप्ते. लेगस्पिन, दोन तऱ्हेची गुगली, ३६ कसोटींत १४९ बळी. सोबर्ससारखा माणूस त्यांना सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानायचा. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजचे ९ गडी १०२ धावांत बाद केले. उरलेला एक, लान्स गिब्ज, रांजणेंनी त्रिफळाचीत केला. पण त्याच गिब्जचा झेल त्याआधी गुप्त्यांच्या गोलंदाजीवर नरेन ताम्हाण्यांकडून सुटला होता. ताम्हाणे काही ऐरागैरा यष्टिरक्षक नव्हते. दोघेही मुंबईचे, गुप्त्यांचा हात वाचणारा त्यांच्याइतका दुसरा कुणी नसेल. तो झेल राहता तर कसोटीच्या एका डावात दहाही बळी घेणारे गुप्ते जिम लेकरनंतरचे दुसरेच ठरले असते. धावफलकात त्या सुटलेल्या झेलाची ओळच नाही. घेतलेल्या झेलाला दोन नावं, सुटलेल्याला एकही नाही.

दुसरा मान अखेर फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीला अनिल कुंबळेला मिळाला. दहावा बळी वासिम अक्रम, झे. लक्ष्मण गो. कुंबळे. लक्ष्मण कुठे उभा होता? शॉर्ट लेगला. आणि दुसऱ्या टोकाने श्रीनाथ मुद्दाम स्टंपापासून लांब चेंडू टाकत होता, चुकून आपल्याला बळी मिळू नये म्हणून.

गुप्त्यांच्या काळात बॅटच्या तोंडाशी उभं राहणं हे स्वतंत्र काम आहे असं आपल्याकडे फारसं कुणी मानत नव्हतं. क्षेत्ररक्षण म्हणजे फलंदाजी-गोलंदाजी करून उरलेला वेळ. पतौडीच्या कारकिर्दीत ते बदलायला लागलं आणि वाडेकरला तयार कडं मिळालं : शॉर्ट लेगला सोलकर, जवळपास अबिद अली आणि वेंकट, स्लिपमध्ये स्वतः वाडेकर. गुप्त्यांना हे कडं मिळालं असतं तर १४९चे किती झाले असते, याचं उत्तर नाही. (त्यांची कसोटी कारकीर्द १९६१ मध्ये संपली ती मैदानाबाहेरच्या एका प्रकरणाने, पण तो वेगळा आणि जास्त चीड आणणारा विषय आहे.)

इथवर वाचून वाटेल की मी सोलकरच्याच बाजूचा. आहेच. पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. जानेवारी १९७७ मध्ये कलकत्त्याला सोलकर शेवटची कसोटी खेळला. त्याच मालिकेतली चौथी कसोटी बंगळूरला, समोर तोच इंग्लंड, गोलंदाज तेच बेदी आणि चंद्रा. पदार्पण करणारा यजुर्वेंद्रसिंग, आपल्या महाराष्ट्राच्या रणजी संघातला. त्याने पहिल्या डावात ५ आणि सामन्यात ७ झेल घेऊन दोन विश्वविक्रमांची बरोबरी केली! मालिकेतला तो एकमेव सामना आपण जिंकला. भाच्याच्या मॅट कॅसलची ही उलटी गोष्ट. फेकणारे तेच, पकडणारा नवा, आणि तरी काही अडलं नाही.

म्हणजे जागा गोलंदाजांनी तयार केली होती, सोलकर नुसता तिथे उभा होता? मला तसं वाटत नाही. यजुर्वेंद्रला एकूण चारच कसोटी मिळाल्या, त्यात ११ झेल. फार चांगले, पण चार कसोट्यांवरून काय ठरवणार? शिवाय इंग्लंडचे फलंदाज त्या जागेला दबकायला शिकले होते ते सोलकरच्या आठ वर्षांमुळे. नव्या माणसाला ती दहशत आयती मिळाली.

आमच्या शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार राहायचे. कॅम्पात तोफखान्याचं स्कूल असल्याने असे शेजारी घरोघरी. त्यांनी मला लहानपणी समजावलं होतं की तोफेवरच्या माणसाला निशाण दिसतच नाही. मध्ये डोंगर असतो. दूर टेकडीवर ओपीत बसलेला अधिकारी गोळा कुठे पडला ते बघतो आणि रेडिओवर सांगतो, इतका डावीकडे घ्या, इतका पुढे टाका. मी विचारलं, मग नेम कुणाचा? ते म्हणाले, "लागला तर साहेबांचा, चुकला तर आमचा." आणि खूप हसले.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये गॉलला अजिंक्य रहाणेने एका कसोटीत ८ झेल घेतले आणि यजुर्वेंद्रचा वाटा असलेला सातांचा विक्रम मोडला. त्या सामन्यात आपल्याला जिंकायला १७६ धावा हव्या होत्या. आपण ११२ मध्ये आटोपलो.